गाडवाटेवर चाकोरी सोडू नका : यशवंतसागरच्या काठावरचा अनुभव

माळटिटवी | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरच्या सुरुवातीला परतीचा पाऊस थांबून जेमतेम दोन दिवस झाले होते, तेव्हा आम्ही तीन गाड्या घेऊन इंदूरजवळच्या यशवंतसागर तलावाच्या वरच्या अंगाला गेलो होतो. हातोदच्या पुढे डांबर संपतं आणि दीडेक किलोमीटर शेतांमधून गाडवाट जाते. सारसाची जोडी पिल्लासह दिसते आहे असं ग्रुपवर आलं होतं, म्हणून सगळे घाईत. वाटेत एका खोलगट जागी पाणी साचलेलं. पहिली गाडी कडेच्या गवतातून वळसा घालून गेली, तिच्यामागून दुसरी गेली, तिसरी माझी. माझी फसली. मागचं चाक जागच्या जागी फिरत होतं आणि मी ॲक्सिलरेटर दाबत होते. चिखल मागच्या काचेपर्यंत उडाला. शेवटी चौघांनी ढकलून काढली. सारस दिसले, फोटो झाले, येताना हातोदला पोहे खाल्ले. एक चांगला दिवस म्हणूनच तो माझ्या लक्षात राहिला होता.

काल पुन्हा तिकडे गेले. माझ्या चाकांचे चर तिथेच होते. हात घालून बघितला, तो मनगटाच्या वर आत गेला. कडा विटेसारख्या कडक झालेल्या, आणि एका बाजूला माझ्या टायरची नक्षी जशीच्या तशी उमटलेली. पेरणीला नेताना पोत्यातून सांडला असेल, हरभऱ्याचा एक दाणा त्या नक्षीत पडून उगवला होता.

मी तशीच बसलेली असताना एक काका मोटरसायकलवरून आले. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन. अलीकडेच उतरले, गाडी हाताने धरून ती जागा पार केली. मी विचारलं, तर म्हणाले की पंधरा दिवसांमागे पहाटे अंधारात पुढचं चाक त्या चरात गेलं आणि ते आडवे झाले. दोन्ही कॅन सांडले. कोपराला अजून पट्टी होती. त्यांचं वाक्य मला पाठ झालंय : "गाड़ी तो तमारी निकल गी, रस्तो म्हारो बिगड़ी ग्यो."

तो चर माझ्याच गाडीचा आहे हे मी त्यांना सांगितलं. ते रागावले नाहीत. एवढंच विचारलं, पुन्हा ओल्यात येणार का?

आपण पक्ष्यांपासून किती अंतर ठेवायचं यावर इथे पुष्कळ बोलतो. ज्या वाटेवरून तिथवर जातो, तिच्याबद्दल मला इथे काही वाचल्याचं आठवत नाही. म्हणून हा धागा. कच्च्या वाटेवर गाडी कधी न्यावी, कधी नेऊ नये, कशी चालवावी, हे ज्यांना कळतं त्यांनी लिहा. चुकलं असेल तर तेही लिहा.

---

मृद्गंध | रविवार, रात्री १०:१५

ताई, मी शेतकी शिकलेला माणूस, त्यामुळे मातीपुरतं सांगतो.

माळव्याची काळी माती बेसॉल्ट खडकापासून झालेली. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते, म्हणून उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा दिसतात. ओली असताना ती भार पेलत नाही. चाकाखाली दबते, बाजूला सरकते, आणि सरकली त्याच आकारात वाळते. तुम्हाला टायरची नक्षी दिसली ती यामुळेच. मुरमाड किंवा वाळूच्या वाटेवर पडलेला चर वाऱ्याने, गुरांच्या खुरांनी हळूहळू बुजतो. काळ्या मातीतला चर पुढच्या पावसापर्यंत हलत नाही.

आणि पुढचा पाऊस आला की त्याचा पाट होतो. उतार असेल तर पाणी त्या चरातूनच धावतं, तळ खरवडतं, दोन-तीन पावसाळ्यांत तिथे घळ पडते. मग मागून येणारा चर टाळून शेजारून गाडी घालतो. तिथे नवा चर. मी एका ठिकाणी मूळच्या एका वाटेच्या पाच वाटा झालेल्या पाहिल्या आहेत, आणि त्यांच्या मधलं गवत पार गेलेलं.

गाडी न्यावी की नाही हे ठरवायला सोपी खूण : डांबर संपतं तिथे उतरा आणि वीस पावलं चाला. चपलेला माती चिकटून तळवा जड झाला, तर गाडी तिथेच ठेवा. मूठभर माती दाबून तिची गोळी होत असेल तरीही तेच. जोराचा पाऊस झाला असेल तर दोन दिवस ऊन पडून भागत नाही. वर पापुद्रा वाळतो, खाली लोणी असतं. तुमची गाडी नेमकी त्यात गेली.

---

घाटवाट | रविवार, रात्री १०:५०

ताईंना वाईट वाटलं ते समजू शकतो. दूधवाल्या काकांना लागलं हे फारच वाईट. पण थोडा दुसऱ्या बाजूनेही विचार करू या. त्याच वाटेवरून रोज ट्रॅक्टर जातात, सोयाबीनच्या मळणीच्या वेळी भरलेल्या ट्रॉल्या जातात. त्यांचे चर आपल्यापेक्षा खोल. आपण महिन्यातून एकदा जाणारे. माझी गाडी फोर बाय फोर आहे, मी चिखलात आजवर कधी अडकलो नाही. नीट गाडी आणि नीट चालवणारा असेल तर एवढं घाबरायचं कारण नाही असं मला वाटतं.

---

जुना_ड्रायव्हर | सोमवार, सकाळी ७:०५

घाटवाट, दादा, मनाला लावून घेऊ नका, पण इथे मी तुमच्याशी सहमत नाही. एकतीस वर्षं गाडी चालवून पोट भरलं, त्यातली बरीचशी कच्च्या रस्त्यांवर गेली.

फोर बाय फोरमुळे तुम्ही अडकत नाही, एवढंच. चर पडायचा तो पडतोच, उलट गाडी जड म्हणून जास्त खोल. जिथे साधी गाडी हार मानून परत फिरते, तिथे तुमची पुढे जाते आणि आणखी अर्धा किलोमीटर वाट उकरते.

ट्रॅक्टरचं म्हणाल, तर तो त्याच्या शेतात जातोय. त्याला जावंच लागतं. आणि मार्च-एप्रिलमध्ये फावडं घेऊन, मुरूम टाकून ती वाट तोच नीट करतो. आपण केली आहे का कधी?

आता चालवण्याबद्दल, मला कळतं तेवढं.

वाटेवर जी चाकोरी आधीच पडलेली आहे तिच्यातूनच जा. एरवी चाकोरी सोडली की लोक कौतुक करतात. माळावर उलटं आहे. समोर चिखल दिसला तर गवतातून वळसा घालू नका. एक तर सरळ मधून जाता येईल इतकी जागा घट्ट आहे का ते उतरून काठीने बघा, नाहीतर परत फिरा. परत फिरायचं तर रिव्हर्समध्ये रुंद जागेपर्यंत या. जागच्या जागी वळवायला गेलात तर दोन्ही कडा मोडता.

वेग वीसच्या आत. त्याहून जास्त गेलात की धूळ उठते. रस्त्याकडेच्या हरभऱ्यावर, लसणीवर ती बसून राहते, आणि शेतकरी उभा राहून बघत असतो. समोरून बैलगाडी, ट्रॅक्टर किंवा डोक्यावर भारा घेतलेली बाई आली तर आपण थांबायचं. इंजिन बंद केलं तर आणखी चांगलं, बैल बुजत नाहीत.

चाक फिरायला लागलं की पाय लगेच काढा. ताई, तुमची चूक तिथे झाली. फिरणारं चाक गाडी पुढे नेत नाही, खड्डा खणतं. उतरा, चाकापुढची माती फावड्याने उतरती करा, खाली बारदान किंवा पायपोस घाला, मग पहिल्या गिअरमध्ये हळू काढा. गाडी निघाली की आपण टाकलेले दगड उचला आणि खड्डा बुजवा. हे शेवटचं काम कोणी करत नाही, कारण गाडी निघाल्याच्या आनंदात सगळे आत बसतात. माझ्या डिकीत लहान फावडं आणि दोन बारदानं कायम असतात.

शेताच्या तोंडाशी गाडी लावू नका, भले फाटक बंद दिसो. तुम्ही दुर्बीण लावून बसता तेवढ्यात पाण्याची पाळी द्यायला माणूस येतो.

आणि घरी आल्यावर चाकं, मडगार्डच्या आतली माती धुवा. दुसऱ्या जागी जायच्या आधी तर नक्कीच. त्या चिखलातून गाजरगवताचं बी एका माळावरून दुसऱ्या माळावर जातं.

---

प्राची_इं | सोमवार, दुपारी १:३०

काका, तुमचा प्रतिसाद छापून गाडीत लावणार आहे.

मला पिल्लांबद्दल लिहायचंय. टिटवी, माळटिटवी, धाविक या जमिनीवरच्या पक्ष्यांचं घरटं म्हणजे उघड्या जमिनीवरचा उथळ खळगा, बाजूने चार खडे. कच्च्या वाटेच्या दोन चाकोऱ्यांमधला उंचवटा त्यांना फार आवडतो, कारण तिथे गवत खुरटं असतं आणि चहूकडे दिसतं. मार्चपासून पावसाळ्यापर्यंत यांचा हंगाम. टिटवी साधारण चार आठवडे अंडी उबवते. इतके दिवस त्या वाटेवरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीने चाकोरीतच राहायला हवं, म्हणजे अंडी दोन चाकांच्या मधून सुटतात. चाकोरी सोडून मधून किंवा कडेने गेलात तर संपलं.

पिल्लं अंड्यातून निघाल्यावर काही तासांत धावायला लागतात. मग जास्त धोका. आईने धोक्याची हाक दिली की पिल्लू असेल तिथे जमिनीला चिकटून बसतं आणि हलत नाही. कोल्हा किंवा घार आली तर ही युक्ती कामाची, गाडीपुढे नाही. एप्रिलमध्ये महूच्या बाजूला माझ्या समोर असं झालं. टिटव्या डोक्यावर ओरडत होत्या, मी थांबले, खाली उतरून पुढे पाहिलं. चाकोरीतच, माझ्या पुढच्या चाकापासून दोन हातांवर, मातीच्या रंगाचं एक पिल्लू मान लांब करून पडलेलं. डोळा उघडा. श्वासाने पाठ हलत होती म्हणून दिसलं. हॉर्न वाजवला असता तर ते आणखी घट्ट बसलं असतं. मी पंधरा पावलं मागे गेले, गाडीही मागे घेतली, आणि पाचेक मिनिटांनी आई येऊन त्याला घेऊन गेली.

तेव्हा टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडत असेल, किंवा पंख मोडल्यासारखी लंगडत पुढे चालली असेल, तर घरटं किंवा पिल्लू अगदी जवळ आहे असं समजा. थांबा, समोरची जमीन नीट बघा, हळू मागे या.

कायद्याचंही सांगून ठेवते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात पक्ष्यांची अंडी फोडणं आणि अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणंही येतं. कित्येकांना हे माहीत नसतं.

---

घाटवाट | सोमवार, दुपारी २:१०

अंडी आणि पिल्लांचं हे मला खरंच माहीत नव्हतं. धाविक गाडीपुढे पळतो तेव्हा मी त्याच्या मागे हळूहळू गाडी नेत फोटो काढलेले आहेत, दोन-दोनशे मीटर. त्याला त्रास होत असेल असं वाटलं नव्हतं, कारण तो उडत नाही, नुसता धावतो.

---

प्राची_इं | सोमवार, दुपारी २:३५

दादा, तो धावत असतो तेव्हा त्याचं खाणं थांबलेलं असतं. आणि हंगामात असेल तर अंडी उन्हात उघडी पडलेली असतात. एप्रिलच्या दुपारी आपल्याकडची जमीन किती तापते ते तुम्हाला माहीतच आहे. पक्षी अंड्यावर बसतो तो ऊब देण्यासाठीच असं नाही, सावली धरायलाही बसतो.

त्यापेक्षा गाडी थांबवा, इंजिन बंद करा, खिडकीच्या कडेवर वाळूची किंवा तांदळाची पिशवी ठेवून तिच्यावर लेन्स टेका आणि वाट बघा. पक्षी माणसाचा आकार ओळखतात, उभ्या गाडीला तेवढे घाबरत नाहीत. दार उघडून खाली उतरलात की सगळं उडतं. इंजिन बंद असल्याने फोटोही हलत नाही. मला तर असे अर्धा तास बसून मिळालेले फोटो पाठलाग करून काढलेल्यांपेक्षा नेहमीच चांगले मिळालेत.

---

चंबळकाठ | सोमवार, सायंकाळी ६:२०

ग्वाल्हेरहून लिहितोय. आमच्याकडे काळ्या मातीऐवजी वाळूचा प्रश्न आहे. चंबळच्या काठावर लोक थेट वाळवंटात गाड्या उतरवतात. टायरमधली हवा कमी केली की वाळूत गाडी चालते, हे व्हिडिओंमुळे सगळ्यांना कळलंय. पण मार्चपासून मेपर्यंत त्याच वाळूवर पाणचिरे आणि नदीसुरय हे पक्षी अंडी घालतात. घडियाल आणि कासवं वाळूच्या आत अंडी पुरतात, ती तर वरून दिसतही नाहीत. पाणचिऱ्याची अंडी वाळूच्याच रंगाची, ठिपक्यांची. गाडीत बसून ती दिसणं शक्य नाही. माझं मत स्पष्ट आहे : नदीच्या वाळूवर गाडी कोणत्याही महिन्यात उतरवू नये. वर थांबा, किंवा होडीतून बघा.

माळावर रात्री परतणाऱ्यांसाठी आणखी एक. दिवसभर तापलेली वाट रात्री ऊबदार असते, म्हणून रातवे हे निशाचर पक्षी तिच्यावर येऊन बसतात. हेडलाइटमध्ये लाल निखाऱ्यासारखा डोळा चमकतो. तो दिसला की वेग कमी करा आणि लाइट खाली घ्या. प्रखर उजेडात तो दिपून बसून राहतो. अंधार पडल्यावर गवताच्या मधून जाणं तर हिवाळ्यात टाळाच, कारण भोवत्या हे शिकारी पक्षी गवतात जमिनीवर रात्र काढतात.

---

सयाजीनगरी | सोमवार, रात्री ९:००

बडोद्याहून नमस्कार. आमच्याकडे डभोईजवळचा वढवाणा तलाव आहे. बडोदा संस्थानाने १९१०मध्ये शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला, २०२१पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत. हिवाळ्यात पट्टकदंब, राखी कलहंस, हजारो बदकं. आम्ही गाडी खाली ठेवतो आणि पाळीवरून चालतो. माझ्या आईचं वय एकाहत्तर, ती काठी घेऊन आमच्याबरोबर चालते, मध्ये दोनदा बसते. सांगायचं इतकंच, की पाणपक्षी बघायला गाडी काठापर्यंत न्यावी लागतेच असं नाही. ज्यांना चालणं जमत नाही त्यांच्यासाठी एक गाडी पुढे जाऊ द्यावी, बाकीच्यांनी मागे लावाव्यात.

---

जुना_ड्रायव्हर | मंगळवार, सकाळी ६:५०

एक राहिलं होतं. मार्चनंतर वाळलेल्या गवतावर गाडी उभी करू नका. सायलेन्सर तापलेला असतो, आणि गाडीच्या पोटाखाली गवताच्या काड्या अडकलेल्या असतात. बीएस-६ म्हणजे नव्या प्रदूषण-नियमांच्या डिझेल गाड्यांत साठलेली काजळी जाळून टाकण्याची सोय असते. ते चालू असताना एक्झॉस्ट सहाशे अंशांच्या आसपास जातो. अशा वेळी गवतावर थांबलात तर माळ पेटायला वेळ लागत नाही. उघड्या मातीवरच थांबा, आणि निघण्याआधी खाली वाकून काड्या काढा. पाण्याचा पाच लिटरचा कॅन गाडीत असू द्या.

---

रामबागकर | मंगळवार, सकाळी ११:१५

सगळं वाचलं, मनापासून पटलं. पण मूळ दुखणं ग्रुपवर टाकलेल्या लोकेशनमध्ये आहे असं मला वाटतं. सारसाचं पिल्लू दिसलं, पिन टाकली, आणि पुढच्या रविवारी तिथे वीस गाड्या. एका गाडीने पडलेला चर एखाद्या शेतकऱ्याला बुजवता येतो, वीस गाड्यांचा नाही.

यशवंतसागर आणि इंदूरचा सिरपूर तलाव दोन्ही २०२२मध्ये रामसर यादीत आले, आणि २०२५मध्ये इंदूरला पाणथळ शहराचा मानही मिळाला. आपल्याला अभिमान वाटतो, वाटायलाच हवा. पण रामसरच्या नोंदीत यशवंतसागरची जी ओळख आहे ती सारसामुळे. आणि सारस पावसाळ्यात उथळ पाण्यात, भातखाचरांत, शेताच्या ओलसर कोपऱ्यात घरटं करतो. म्हणजे तो बराचसा शेतकऱ्यांच्या भरवशावर जगतो. शेतकरी वैतागला तर तो आपल्यावर वैतागेल, पण किंमत त्या जोडीला मोजावी लागेल.

रतलाम जिल्ह्यातल्या सैलान्याचं उदाहरण घ्या. तणमोर या गवताळ माळावरच्या दुर्मीळ पक्ष्यासाठी १९८३मध्ये तिथे अभयारण्य झालं. तरी तणमोर अभयारण्याची हद्द कुठे बघतो? तो आसपासच्या शेतांतही उतरतो, म्हणून तो दिसल्याची बातमी देणाऱ्या शेतकऱ्याला इनाम द्यायची योजना वनविभागाने आणली. नर पावसाळ्यात गवतातली एक जागा धरतो आणि दिवसातून शेकडो उड्या मारतो, मादीला दिसावं म्हणून. त्या जागेशेजारी तासभर गाड्या उभ्या राहिल्या तर त्याचा तो दिवस गेला. २०२१पासून ही जात जगभरातल्या अतिसंकटग्रस्त यादीत आहे. जुलै-ऑगस्टमध्ये तिकडच्या काळ्या मातीत गाडी घालायचा विचारही कोणी करू नये.

माझी सूचना : आपल्या ग्रुपवर घरट्याची, पिल्लांची, सारसाची आणि तणमोराची नेमकी जागा टाकायची नाही. तालुका सांगा, पुरे. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरही काही संवेदनशील जातींची नेमकी जागा लपवलेली असते.

---

घाटवाट | मंगळवार, दुपारी १२:०५

ऑक्टोबरमध्ये ती पिन मीच टाकली होती. काढून टाकतो आज. ताई, त्या चरात मुरूम टाकायचा असेल तर सांगा, माझ्या ओळखीत एकांची ट्रॉली आहे. खर्च माझ्याकडे.

---

माळटिटवी | मंगळवार, रात्री ८:३०

सगळ्यांचे आभार. घाटवाट दादा, खर्च तिघांनी वाटून घेऊ, तीन गाड्या गेल्या होत्या.

आज संध्याकाळी त्या काकांना फोन केला होता, शनिवारी नंबर घेऊन ठेवला होता. मुरूम टाकू का असं विचारलं. ते म्हणाले, आत्ता टाका, गव्हाला पहिलं पाणी सुटायच्या आधी. एकदा शेताचं पाणी वाटेवर आलं की ट्रॉली आत येणार नाही. हे आपल्याला सुचलं नसतं. खोलगट भागात आधी दगड घालायचे, मग मुरूम, आणि पाणी एका बाजूला काढायला लहानशी नाली खणायची, असंही त्यांनी सांगितलं. नाली कुठून काढायची ते ते स्वतः दाखवणार आहेत. सांडलेल्या दुधाचे पैसे देऊ केले तर आधी नको म्हणाले, मग मी आग्रह केल्यावर एका कॅनचे घेईन म्हणाले. मी दोन्हींचे देणार आहे.

येत्या रविवारी जायचं ठरवलंय. दोनच गाड्या. दोन्ही डांबर संपतं तिथे, त्यांनी दाखवलेल्या खळ्यात लावायच्या, शेतातल्या कोणाची वाट अडणार नाही अशा. जुना_ड्रायव्हर काका, तुमचं फावडं लागेल. रामबागहून पहाटे साडेपाचला निघू. आधी वाटेचं काम, मग पक्षी.

---

मृद्गंध | मंगळवार, रात्री ८:५५

एक जागा आहे का?

---

माळटिटवी | मंगळवार, रात्री ९:०२

आहे. बूट घालून या, दीड किलोमीटर चालायचं आहे.